अर्धा इंच पितळ

वहीतलं एक पान:

मिस्त्री — छत्रीवाला अल्बम, पहिली बाजू. वीस मिनिटं. ट्रम्पेट दोन-दोन पायऱ्या एकदम चढतं आणि वर पोचून धापही टाकत नाही.

मास्तर (लाल शाईत) — एकेकच पायरी चढतं. कठड्याला हात लावून. बाजू एकवीस मिनिटं दहा सेकंदांची आहे. मिस्त्रींनी घड्याळ दाखवून आणावं.

डॉक्टर — हे भांडण चौदा वर्षांचं झालं. आता एकाचा तरी दात काढू द्या.

ही वही दातांच्या दवाखान्यातल्या टीपॉयवर असते, जुन्या मासिकांच्या ढिगाखाली. रविवारी दवाखाना बंद. बरोबर दहाला डॉक्टर आतून कडी काढतात, लवंगेच्या तेलाचा वास दारापर्यंत येतो, आणि पेशंटच्या खुर्च्यांवर तीन माणसं बसतात: डॉक्टर स्वतः, गणित शिकवून रिटायर झालेले मास्तर आणि लिफ्टचे मिस्त्री. तिघांना खूळ एकच. जॅझ.

गंमत अशी की तिथे रेकॉर्ड वाजत नाही. पहिल्या वर्षी वाजायची. पण रेकॉर्ड लागली की डॉक्टर डोळे मिटायचे, दुसऱ्या गाण्याला मान खाली, तिसऱ्याला घोरणं. आणि बाजू संपली की तिघांच्याही तोंडून एकच शब्द: छान. मास्तरांनी एक दिवस फर्मान काढलं. ऐकायचं आपापल्या घरी, आपापल्या मशीनवर. इथे यायचं ते सांगायला. आठवडाभर काय ऐकलं ते तोंडानं गाऊन, बोटांनी वाजवून, हातवारे करून उभं करायचं आणि मग वहीत लिहायचं. ‘छान’ लिहिलं की लाल शाईची काट.

तेव्हापासून डॉक्टर घशातून डबल बास काढतात, रिकाम्या ग्लासात तोंड घालून. मास्तर दात बघायच्या आरशाने स्टीलच्या ट्रेवर झांज धरतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या नावांच्या उच्चारावरून एकदा दोन रविवार भांडणात गेले, म्हणून अल्बमला नाव त्याच्या कव्हरवरच्या चित्राचं: छत्रीवाला, तिरकी खुर्ची, ओला रस्ता. रेकॉर्डी एकमेकांकडे फिरतात. सांगणारा सांगताना चुकला तर ऐकणारा पुढच्या आठवड्यात पुरावा घेऊन येतो.

मिस्त्री ट्रम्पेट गुणगुणतात. ओठ मिटून, नाकातून, डोळे उघडे ठेवून. आणि खरं सांगायचं तर बाकीचे दोघे रविवारची वाट बघतात ती त्यासाठीच.

*

कानाचा मिस्त्रींना अभिमान होता, आणि तो फुकटचा नव्हता. अठ्ठावीस वर्षं लिफ्टच्या कामात गेली. गच्चीवरच्या मशीनरूमचं दार उघडायच्या आधी, जिन्यातूनच ते सांगायचे की बेअरिंग गेलंय की ब्रेकचं अस्तर. लिफ्ट मजल्याला लागली की डोळे मिटून उंबऱ्यावर बूट ठेवायचे आणि म्हणायचे, “तीन मिलिमीटर खाली आहे.” कंपनीतली नवीन पोरं व्हर्नियर लावून बघायची. तीनच निघायचे.

आणि मशीनचा अभिमान तर विचारूच नका. रेकॉर्ड वाजवायचं ते मशीन मिस्त्रींनी स्वतः बनवलं होतं. मोटर एका भंगारातल्या यंत्राची, ताटली जाड अॅल्युमिनियमची, हाताने घासलेली, खाली लिफ्टच्या केबिनखालचेच रबराचे बूट, म्हणजे शेजारी कुणी दार आपटलं तरी सुई हलत नाही. मोटरच्या दांड्यावर पट्टा फिरवणारी छोटी पितळी पुली. तीही त्यांनीच लेथवर काढलेली.

“दुकानात मिळतं की असलं मशीन,” बायको तेव्हा म्हणाली होती. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते ती. तिला दुकानातल्या वस्तूंवर विश्वास.

“दुकानातल्याला कान नसतो,” मिस्त्री म्हणाले होते.

चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घराला लिफ्ट नाही. यावर जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे सगळे होऊन गेलेत. मास्तरांचे गुडघे आणि डॉक्टरांचं पोट यांच्यामुळे दोघांपैकी एकानेही चौदा वर्षांत ते मशीन वाजताना ऐकलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथेच आहे.

*

मग पियानोवाल्या बाई आल्या.

त्या आल्या अक्कलदाढ घेऊन. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, खांद्यावर हत्यारांची कातडी पिशवी. शहरातले निम्मे पियानो त्यांच्या हातून सुरात येतात. वेटिंगमध्ये मासिक चाळायचं सोडून त्यांनी ढिगाखालची वही काढली आणि सुजलेल्या गालाने हसत बसल्या. डॉक्टरांनी दाढ काढल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, कापूस तोंडात धरून: “रविवारी मी येऊ का?”

दोन रविवार त्यांनी नुसतं ऐकलं. तिसऱ्या रविवारी मिस्त्री छत्रीवाल्या अल्बमवर आले. वर्षातून दोनदा तरी येतातच. ओठ मिटून त्यांनी ते पहिलं गाणं उभं केलं. मास्तरांनी लगेच आपलं गाऊन दाखवलं, सावकाश, कठड्याला हात लावून.

बाईंनी पिशवीतून सुरांचा चिमटा काढला, गुडघ्यावर मारला, कानाशी नेला.

“मास्तर काळी दोनच्या पट्टीत गायले,” त्या म्हणाल्या. “रेकॉर्ड काळी दोनमध्येच आहे, माझ्याकडे आहे ती. मिस्त्री, तुम्ही पांढरी तीन लावलीत. बरोबर अर्धा सूर वर.”

“गळ्याचं काय हो,” डॉक्टर म्हणाले, “माणूस कुठेही लावतो.”

“म्हणूनच विचारते. गेल्या रविवारी तिरकी खुर्ची सांगितलीत, तीही अर्धा सूर वर. त्याच्या आधी ओला रस्ता, तोही. मिस्त्री, चहा घ्या, चार गोष्टी बोला आणि मग पुन्हा गा.”

चहा झाला. लिफ्टच्या गप्पा झाल्या. मिस्त्रींनी पुन्हा लावलं. चिमटा पुन्हा गुडघ्यावर. पांढरी तीन.

बाईंनी चिमटा कानावरून खाली घेतला. मग म्हणाल्या, “असा कान मी फार कमी बघितलाय. लोकांचा सूर घसरतो. तुमचा दर वेळी तिथेच, केसभर इकडे-तिकडे नाही. म्हणजे तुम्ही जे ऐकता तेच गाता.” चिमटा पिशवीत ठेवत त्यांनी विचारलं, “मशीन कुठलं आहे तुमचं?”

मास्तरांनी तोवर वही उघडली होती. लाल शाईतल्या त्यांच्या जुन्या नोंदी, शेजारी मिस्त्रींची मिनिटं. ते पाच पानांवर थांबले, पाच भागाकार केले, आणि पाचव्यानंतर पेन खाली ठेवलं. “प्रत्येक वेळी तेवढंच,” ते म्हणाले. “शंभराला सहाच्या जरा आत. मिस्त्री, मी चौदा वर्षं समजत होतो की तुमचं घड्याळ पुढे आहे.”

“मशीन मी बनवलंय,” मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. मिस्त्री उठले, चपला घातल्या. त्या रविवारी त्यांची ओळ वहीत नाही.

*

घरी येऊन त्यांनी ताटली उचलली. पट्टा काढला. पुलीला व्हर्नियर लावला.

बारा पूर्णांक सात.

भिंतीवरच्या कपाटात पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने काढलेलं ड्रॉइंग होतं, तेलाचे डाग पडलेलं. पुलीपुढे लिहिलं होतं: बारा मिलिमीटर. पुली जेवढी जाड तेवढी ताटली वेगात फिरणार, आणि ताटली वेगात फिरली की सूर वर.

सुई उचलू आणि पंधरा वर्षं मागे ठेवू. लिफ्ट कंपनीच्या कारखान्यातली जेवणाची सुट्टी. मिस्त्रींच्या हातात पितळेची सळई, अर्ध्या इंची. अर्धा इंच म्हणजे बारा पूर्णांक सात. ती लेथवर धरायची आणि वरून सात दशांश उतरवायचं, एवढंच. पण सळई अशी गुळगुळीत, अशी चकचकीत, की तिला पाती लावणं जिवावर आलं. त्यांनी मधे भोक पाडलं, तुकडा कापला, कडा मारल्या आणि खिशात टाकला. संध्याकाळी मशीन जोडलं, पहिली रेकॉर्ड लावली, ट्रम्पेट वाजलं. मिनिटाला ताटलीचे फेरे किती होतात ते मोजायचं असतं. पण गाणं लागल्यावर मोजायला कोण बसतं?

सात दशांश मिलिमीटर. डोळे मिटून बुटाने तीन मिलिमीटर सांगणारा माणूस.

मिस्त्रींना पहिल्यांदा लाज वाटली ती वहीची. चौदा वर्षांची आपली पानं. धावतं, चढतं, उडी मारतं, घाईत आहे, पण घाबरलेलं नाही: सगळं त्या चकचकीत तुकड्याने लिहिलेलं. खऱ्या वाजवणाऱ्यांनी तसं वाजवलंच नव्हतं. पानं फाडून आणावीत असं त्यांच्या मनात आलं आणि त्यावर ते बराच वेळ टिकूनही राहिले.

आणि मग लेक आठवली, तेव्हा वही क्षुल्लक झाली.

*

लेक बावीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवते. नऊ वर्षांची होती तेव्हा या मशीनपुढे मांडी घालून बसली आणि म्हणाली की मला हे हवं. ट्रम्पेट आलं. शेजाऱ्यांसाठी त्याच्या तोंडात बाबांचा मोजा कोंबला जायचा. शिकवायला कुणी नव्हतं. रेकॉर्ड लावायची, चार सूर ऐकायचे, सुई उचलायची, तेच चार सूर फुंकायचे, सुई पुन्हा ठेवायची. असं तेरा वर्षं. सूर लिहिलेला कागद वाचायलाही पुढे शिकली, आणि कागद समोर असला की कुठल्याही पट्टीत वाजवते. पण जे तिचं स्वतःचं आहे, आयत्या वेळी सुचतं ते, ते सगळं या मशीनवरून कानाने उचललेलं.

तीन महिन्यांपूर्वी ती शहरातल्या मोठ्या बँडमध्ये लागली. बँडचे प्रमुख कायम टोपी घालतात, म्हणून टोपीवाले. शनिवारी संध्याकाळी सभागृहात कार्यक्रम होता आणि टोपीवाल्यांनी तिला तिचा पहिला एकटीचा तुकडा दिला होता. कागदाशिवाय, उभं राहून, दोन मिनिटं. गाणं: छत्रीवाल्या अल्बममधलं पहिलं.

गुरुवारी तालीम.

काळी दोनमध्ये फुंकणाऱ्यांची बोटं घरच्यासारखी पडतात. पांढरी तीन म्हणजे त्यांच्यासाठी उलट्या जिन्याने चढणं. आणि मिस्त्रींच्या लेकीने उलटाच जिना पाठ केलेला होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नवी पुली काढली. बारा, शून्य, शून्य. तीन वेळा मोजली. खिशात टाकली, आणि उरलेला दिवस लिफ्टच्या कामात ती मांडीला टोचत राहिली.

*

मंगळवारी संध्याकाळी, स्वयंपाकघरात:

“छत्रीवालं तू कुठून सुरू करतेस गं?”

“पांढरी तीन. का?”

“ते काळी दोन आहे.”

“फोनवर आहे काळी दोन. फोनवाल्यांनी खाली ओढलंय ते.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी सांगायला कशाला पाहिजे? तुझ्या मशीनवर पांढरी तीन वाजतं ना, बाबा.”

मिस्त्रींनी टेबलावर दोन पुल्या ठेवल्या. एक काळवंडलेली, एक नवी. मग एका दमात सांगितलं. सळई, अर्धा इंच, सात दशांश, चिमटा, मास्तरांचे भागाकार.

बायको भाजी चिरायची थांबली. “म्हणजे ते इतकं पळापळीचं नसतं?” ती म्हणाली. “मला वाटायचं तुमचं जॅझ असंच, गाडी सुटायला आल्यासारखं. पंधरा वर्षं मी म्हणतेय जरा शांत लावा काहीतरी.”

कुणी हसलं नाही, तेव्हा तिने सुरी खाली ठेवली.

लेकीने दोन्ही पुल्या उचलल्या, डोळ्यांसमोर धरल्या. “सात दशांश,” ती म्हणाली. “एवढ्यात आमच्याकडे काच फ्रेममधून खाली पडते.”

“माहितीय मला.”

“तुला माहितीय.” तिने पुल्या जपून ठेवल्या, एकमेकींना न लावता. “म्हणजे छत्रीवालं. तिरकी खुर्ची. ओला रस्ता. मी जे जे शिकले ते सगळं.”

“सगळं,” मिस्त्री म्हणाले.

ती खोलीत गेली. आतून ट्रम्पेट ऐकू आलं, मोज्याशिवाय. काळी दोनमध्ये तिने छत्रीवालं लावलं. पहिली ओळ सरळ गेली, कारण ती ओळ कुणालाही जमते. त्यानंतर तिचं स्वतःचं सुरू व्हायचं होतं, आणि तिथे बोटं अडखळली. पुन्हा. पुन्हा अडखळली. सुचत होतं ते वर आणि बोटं खाली, अशी ओढाताण भिंतीतून ऐकू येत होती. मिस्त्रींना ती ऐकू आली तशी बाकी कुणाला आली नसती, हाच त्यांच्या कानाचा त्या दिवशीचा उपयोग.

बुधवारी सकाळी ते दारात म्हणाले, “मी जाऊन भेटतो टोपीवाल्यांना. सांगतो, चूक माझी आहे, पोरीची नाही.”

“तू मधे पडू नकोस, बाबा.”

“मग दुसरं गाणं माग.”

“दुसरं कुठलं? ज्यात तू चुकला नाहीस असं एखादं आहे का?”

हे ती रागाने बोलली नाही, आणि म्हणून जास्त लागलं.

*

गुरुवार. तालमीचा हॉल म्हणजे एका शाळेची व्यायामशाळा. भिंतीला दोर, कोपऱ्यात गाद्यांची चळत, जमिनीवर खेळाच्या रंगीत रेघा. मिस्त्री कामावरून सरळ आलेले, हत्यारांची पेटी घेऊन, आणि त्या गाद्यांवर मागे बसलेले. लेकीने ‘येऊ नकोस’ म्हटलं नव्हतं. ‘ये’ही म्हटलं नव्हतं.

पियानोपाशी बाई होत्या, झाकण उघडून, हात आत. त्यांनी मिस्त्रींकडे बघून मान हलवली.

टोपीवाले चौदा जणांसमोर उभे राहिले. “छत्रीवालं. काळी दोन. सुरुवात सगळे, मग ट्रम्पेट एकटं. चार मोजतो.”

लेकीने हात वर केला.

“मी ते पांढरी तीनमध्ये वाजवते.”

सॅक्सोफोनच्या रांगेत खसखस पिकली. त्यातला एक जाडसर मिशीवाला म्हणाला, “ताई, पांढरी तीनमध्ये आमच्यात कुणी सहीसुद्धा करत नाही.”

टोपीवाले हसले नाहीत. “का?” त्यांनी विचारलं.

मिस्त्रींना वाटलं, आता ही काहीतरी सांगेल. ओठ सुजलेत म्हणेल. आज बरं नाही म्हणेल. आणि तेच बरं होईल.

“आमच्या घरचं मशीन अर्धा सूर वर चालतं,” ती म्हणाली. स्पष्ट, हॉलभर ऐकू जाईल असं. “बाबांनी बनवलंय. पुली सात दशांश मिलिमीटर जाड झाली. मी त्याच्यावरच शिकले, त्यामुळे माझं सगळंच अर्धा सूर वर आहे. मला परवा कळलं. काळी दोनमध्ये मी कागदावरचं वाजवीन, पण ते कुणीही वाजवेल. माझं जे आहे ते पांढरी तीनमध्ये आहे.”

व्यायामशाळेत तळघराला जाणारी लिफ्ट नव्हती, नाहीतर मिस्त्री तिच्यात शिरले असते.

“वाजवून दाखवा,” टोपीवाले म्हणाले. “एकट्या.”

तिने वाजवलं.

काय वाजलं ते सांगायचं तर रविवारच्या पद्धतीनेच सांगावं लागेल. पहिली ओळ तिने तशीच ठेवली, साधी. दुसरीत जिना सुरू झाला. आणि तो सोपा जिना नव्हता, बोटांना प्रत्येक पायरीवर वळावं लागत होतं, पण ज्याने दुसरा जिना कधी पाहिलाच नाही त्याला वळणं म्हणजेच चालणं. मधे एका जागी तिने सूर अर्धवट दाबून खालून वर ओढला. छत्रीवाल्यात ते नाही. तिरक्या खुर्चीतही नाही. मिस्त्रींनी तो सूर ओळखायला आपल्या सगळ्या रेकॉर्डी मनात चाळल्या, आणि सापडला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की तो तिचा आहे. मशीनमध्ये तो नव्हता. मशीनपुढे मांडी घालून बसलेल्या पोरीत होता. रेकॉर्डपेक्षा वेगात होतं सगळं, त्यांच्या घराच्या वेगात. आणि घाई कुठेच नव्हती.

मिशीवाला खुर्चीत पुढे सरकला होता. त्याची बोटं सॅक्सच्या कळांवर नुसतीच, आवाज न करता, तिच्यामागून चालून बघत होती आणि हरवत होती.

ती थांबली. टोपीवाल्यांनी टोपी मागे सारली.

“काळी पाचमधलं काही येतं?”

“तुमची काळी पाच म्हणजे माझी पांढरी सात.”

“पांढरी सातच वाजवा.”

तिने वाजवलं. मग त्यांनी पांढरी चारमधलं एक मागितलं, ते काळी तीनमध्ये आलं. पियानोवर बसायचा माणूस तोवर उठून बाईंच्या बाजूला उभा राहिला होता, आणि त्याला बाई हळूच म्हणत होत्या, “पट्टी शोधत बसू नका, तिला मिळालीय.”

“या तीन पट्ट्यांवर मी लोकांची वर्षं घालवलीत,” टोपीवाले बँडला उद्देशून म्हणाले. “रडलेत लोक माझ्यापुढे. तुम्ही,” बोट मिशीवाल्याकडे, “तुम्हीही रडलात.”

“डोळ्यात काहीतरी गेलं होतं तेव्हा,” मिशीवाला म्हणाला.

“शनिवारी छत्रीवालं पांढरी तीनमध्ये होईल. सगळ्यांनी घरी जाऊन बोटं बसवायची. दोन दिवस आहेत.” कुरकुर उठली, त्यांनी ती हाताने खाली बसवली. “आणि मला आधी सांगा, ते मशीन बनवणारे कोण? कुठे असतात?”

लेकीने ट्रम्पेटनेच मागे दाखवलं. “ते काय, गाद्यांवर बसलेत.”

चौदा माणसं वळून बघायला लागली, की काय करावं हे कुणी शिकवलेलं नसतं. मिस्त्री उभे राहिले. हत्यारांची पेटी हातात घेतली, कारण हात रिकामे नकोत.

“काका,” मिशीवाला म्हणाला, “पुढच्या वेळी पुली बारीक करा. आमची बोटं पण कुणाची तरी पोरं आहेत.”

*

वहीतलं आणखी एक पान, घाईघाईत, शुक्रवारचं, म्हणजे नियमाबाहेर:

मास्तर (निळ्या शाईत) — भागाकार पुन्हा तपासला. मिस्त्रींच्या सर्व नोंदी एकाच प्रमाणात वर आहेत, चौदा वर्षांत एकही अपवाद नाही. जो माणूस इतक्या नेमकेपणाने चुकतो त्याची पानं काढायला मी परवानगी देणार नाही. त्यांनी आज फोनवर तसं विचारलं होतं.

डॉक्टर — पानं काढायला आले तर भूल न देता दात काढीन.

पियानोवाल्या बाई — ट्रम्पेट दोन-दोन पायऱ्या चढतं. मी स्वतः ऐकलं.

*

शनिवारी सभागृह भरलं. बायकोने दुकानातून अर्धी रजा टाकली आणि चांगली साडी नेसली. आणि गाडीत दोनदा विचारलं, “आज पळापळीचंच आहे ना? तेच असू दे.” मास्तर, डॉक्टर आणि बाई पुढच्या रांगेत होते. मिस्त्रींना त्यांच्याशेजारची जागा मिळत असूनही ते मागे, कडेच्या खुर्चीवर बसले. तिथून सगळा मंच दिसतो आणि तोंड कुणाला दिसत नाही.

टोपीवाल्यांनी गाण्याचं नाव सांगितलं, आणि इतकंच म्हणाले की हे आज वेगळ्या पट्टीत होईल, कारण ट्रम्पेट वाजवणारीच्या घरी ते तसंच वाजतं.

चार मोजले गेले. सॅक्सची रांग पांढरी तीनमध्ये शिरली, मिशीवाल्याच्या कपाळावर घाम, पण शिरली. लेक पुढे आली. कागद नव्हता. तिने आधी बँडकडे बघितलं, मग लोकांकडे नाही, वर कुठेतरी, जिथे ती लहानपणापासून सुई उचलल्यावर बघायची तिथे.

दोन मिनिटांची तीन झाली. टोपीवाल्यांनी थांबवलं नाही. मिस्त्रींनी पाय हलवला नाही, मान हलवली नाही. लिफ्ट मजल्याला लागताना जसे उभे राहतात तसे बसले होते, सगळं अंग तळव्यात आणून.

टाळ्या सुरू झाल्यावर शेजारचे गृहस्थ त्यांच्याकडे वळले. वयस्क, कोटातले, जाणकार दिसत होते.

“या पट्टीत असं वाजवणं सोपं नाही हो,” ते म्हणाले. “कोण आहे ही?”

“माझी लेक.”

“अच्छा. कुठे शिकली?”

मिस्त्रींनी खालच्या आवाजात उत्तर द्यायचं ठरवलं होतं. पण टाळ्या फार वाजत होत्या, म्हणून त्यांना ते जोरात, मागच्या दोन रांगांना ऐकू जाईल असं म्हणावं लागलं.

“घरी,” ते म्हणाले. “आमच्या मशीनवर.”